जादा निधीतून काय विकत घ्यायचे?



आपल्या शिक्षक अधिवेशनात अनुदानाचा विषय निघाला की बोलणे रकमेवर येऊन थांबते. रक्कम तुटपुंजी आहे, ती वेळेवर येत नाही, ही तक्रार खरी आहे आणि मी ती खोडणार नाही. पण मला त्याच्या पुढचे विचारायचे आहे. खेळासाठी आणि मागे पडलेल्या मुलांच्या अभ्यासासाठी नेहमीच्या खर्चाबाहेर जो पैसा शाळेला मिळतो, त्यातून काय विकत घ्यायचे? माझे मत असे, की वस्तू कमी घ्याव्यात आणि माणसाचा वेळ जास्त घ्यावा. आपले नियम मात्र आज बरोबर उलट दिशेने चालतात.

खेळाचेच पाहा. समग्र शिक्षा अभियानात प्राथमिक शाळेला क्रीडा साहित्यासाठी वर्षाला 5,000 रुपये आणि उच्च प्राथमिक शाळेला 10,000 रुपये असा निकष आहे. पैसा साहित्याचा, म्हणून साहित्यच येते. दरपत्रके मागवा, पावत्या जोडा, मार्चअखेर उपयोगिता प्रमाणपत्र द्या, एवढे झाले की काम संपले. मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात फुटबॉल, कॅरमबोर्ड, रिंगा, दोरीउड्यांचे दोर आणि हवा भरायचा पंप नीट मांडलेले असतात. साठा नोंदवहीत प्रत्येकाची स्वतंत्र ओळ असते. चेंडू मुलांना दिला तर तो बाभळीच्या कुंपणात जाणार, फाटणार, आणि मग निर्लेखनाचा प्रस्ताव करत बसायचे. कपाटातल्या चेंडूबद्दल तपासणीत कोणी काही विचारत नाही. यात मुख्याध्यापकांचा दोष काढण्यात अर्थ नाही, नियमच त्यांना किल्ली खिशात ठेवायला शिकवतो. शिवाय खेळ घ्यायचा कोणी? शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शारीरिक शिक्षणाचा अंशकालीन निदेशक आहे तो सहावी ते आठवीसाठी, आणि तोही पट शंभरावर गेला तर. पहिली ते पाचवीच्या वाट्याला कोणीच नाही. खो-खो, लंगडी, कबड्डी या खेळांना साहित्य जवळजवळ लागतच नाही. लागतो तो मैदानावर उभा राहणारा मोठा माणूस, आणि द्विशिक्षकी शाळेत नेमका तोच कमी असतो.

अभ्यासाच्या बाबतीत पुरावा आणखी स्पष्ट आहे. ‘असर’ या शैक्षणिक पाहणीनुसार देशाच्या ग्रामीण भागात दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी तिसरीतली मुले 2018 मध्ये 27.3 टक्के होती. कोरोनानंतर, 2022 मध्ये, ती 20.5 टक्क्यांवर घसरली आणि 2024 मध्ये पुन्हा 27.1 टक्क्यांवर आली. म्हणजे भरून निघाले ते कोरोनाकाळाचे नुकसान, त्याआधीची तूट होती तिथेच आहे. ही तूट कशाने कमी होते, हे पाहायला फार लांब जावे लागत नाही. ‘प्रथम’ संस्थेच्या बालसखी उपक्रमात मुंबई आणि वडोदऱ्याच्या महापालिका शाळांत वस्तीतल्याच तरुण मुली तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या मुलांना रोज सुमारे दोन तास वेगळ्या गटात पायाभूत वाचन आणि गणित शिकवीत. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या उपक्रमाची शास्त्रशुद्ध चाचणी घेतली. तिचे निष्कर्ष 2007 साली प्रसिद्ध झाले आणि मुलांचे गुण ठळकपणे वाढल्याचे त्यांनी दाखवले. याच्या शेजारी आंध्र प्रदेशातला 2013 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास ठेवा. तिथे शाळांना वह्या व इतर साहित्यासाठी अनुदान दिले. पहिल्या वर्षी, ते अनपेक्षित होते तेव्हा, गुण वाढले. दुसऱ्या वर्षी पालकांनी ते गृहीत धरून आपला खर्च आखडता घेतला आणि परिणाम उरला नाही. टांझानियातल्या 350 शाळांच्या प्रयोगातही नुसत्या अनुदानाने शिकण्यात फरक पडला नाही.

आता आक्षेप. वाचता न येणाऱ्या मुलाला खेळायला कसे सोडायचे, असे पुष्कळांना वाटते आणि मग खेळाच्या तासिकेतच उपचारात्मक वर्ग बसतो. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने 2010 साली पन्नास अभ्यासांचा आढावा घेतला, त्यात शारीरिक शिक्षणाचा वेळ वाढवल्याने अभ्यास मागे पडत असल्याचे दिसले नाही. कच्च्या मुलाचा खेळ काढून घेणे ही माझ्या मते शिक्षाच आहे, तिला कितीही चांगले नाव द्या. दुसरा आक्षेप बालसखीच्या निष्कर्षातूनच निघतो. उपक्रम थांबल्यावर वर्षभरात फायद्याचा बराच भाग ओसरला. हे मान्य करावे लागेल, आणि म्हणूनच एका वर्षाच्या मोहिमांवर माझा विश्वास नाही.

तिसरा आक्षेप या सभागृहातला आहे आणि तो सर्वांत वजनदार आहे. मानधनावरची माणसे आली की शासन रिक्त पदे भरणार नाही, ही भीती आपल्याला अनुभवाने वाटते. तिच्यावर उपाय इंग्लंडच्या नियमात सापडतो. तिथे 2013 पासून प्राथमिक शाळांना खेळासाठी स्वतंत्र निधी मिळतो. पण शाळेने एरवीच करायला हवे ते त्यातून भागवता येत नाही, शिक्षकांच्या नियोजनाच्या तासांना बदली म्हणून प्रशिक्षक उभे करता येत नाहीत, आणि खर्चाचा तपशील शाळेला जाहीर करावा लागतो. आपल्याकडेही मानधनाचा साहाय्यक संचमान्यतेत, म्हणजे पटानुसार शिक्षकपदे ठरवताना, धरू नये, आणि मंजूर पदे भरलेल्या शाळेलाच तो मिळावा. मग रिक्त पदांच्या शाळांचे काय, असे कोणी विचारेल. त्यांना साहाय्यक नको, शिक्षकच हवा.

तेव्हा अधिवेशनाच्या ठरावात रक्कम वाढवण्याची मागणी जरूर असू द्या, पण तिच्या आधी तीन गोष्टी घाला. निधी जूनमध्ये, शाळा उघडताना मिळावा. किमान अर्धा निधी खेळ घेणाऱ्या आणि गटाला वाचन शिकवणाऱ्या माणसाच्या मानधनावर, सलग तीन वर्षे, खर्च करण्याची मुभा शाळा व्यवस्थापन समितीला असावी आणि त्याचा हिशेब शाळेच्या फलकावर लागावा. तिसरे, वापरून फाटलेला चेंडू मुख्याध्यापकांच्या एका सहीने निर्लेखित व्हावा. हा ठराव खुल्या अधिवेशनात दुरुस्त्यांसह मंजूर करावा, ही माझी आपणा सर्वांना विनंती आहे.