कोर्टाचा मित्र
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. मी कायद्यावर बोलणार म्हटल्यावर कुणाला हसू आले तर नवल नाही. पण मनात एक सल आहे, म्हणून उभी राहिले.

आमच्याकडे भांडी घासणाऱ्या बाईंना एकदा चोरीच्या संशयावरून रात्रभर चौकीवर बसवून ठेवले. तिथे एकही बाई शिपाई नव्हती. सकाळी त्या माझ्यापाशी येऊन रडल्या. म्हणाल्या, "ताई, मी सांगायचं तरी कोणाला?" मी चहा पुढे केला. उत्तर मात्र देता आले नाही.

पुढे माझ्या पुतणीने एक हकीकत सांगितली. ती वकिलीचे शिकते. पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या तुरुंगातील पंधरा बायकांची विचारपूस केली. पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले. बारसेबाईंनी सुप्रीम कोर्टाला पत्र लिहिले आणि कोर्टाने त्या पत्रालाच अर्ज मानले.

पण दिल्लीच्या न्यायाधीशांना मुंबईचा तुरुंग दिसावा कसा? कोर्टाने निर्मला निकेतनच्या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिका डॉ. देसाई यांना सांगितले की तुरुंगात जा, बायकांना एकांतात भेटा आणि अहवाल द्या.

कोर्टाला असे साहाय्य करणाऱ्या वकिलाला न्यायमित्र म्हणतात. तो कोणत्याही पक्षाचा नसतो. खरी परिस्थिती कोर्टापुढे नीट यावी, हे तो पाहतो. १९७९ साली तिहारच्या एका कैद्याने दुसऱ्या कैद्याच्या छळाबद्दल चिठ्ठी पाठवली, तेव्हा कोर्टाने डॉ. वाय. एस. चितळे व मुकुल मुद्गल या वकिलांना न्यायमित्र नेमून तुरुंगात पाठवले होते. देसाईबाई वकील नव्हत्या, पण त्यांचे कामही त्याच जातीचे.

१५ फेब्रुवारी १९८३ रोजी निकाल लागला. बायकांची कोठडी वेगळी असावी आणि पहाऱ्याला बाई शिपाई असावी. चौकशी बाई पोलिसासमोरच व्हावी. अटकेची खबर नातलगाला आणि कायदेविषयक मदत देणाऱ्या समितीला लगेच द्यावी. शिवाय १९८७ च्या कायद्याने कोणत्याही स्त्रीला, तिची मिळकत कितीही असो, फुकट वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा, नाहीतर १५१०० वर फोन करावा.

परवा हे सारे मी त्या बाईंना सांगितले. त्या गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "तेव्हा कळलं असतं तर!"

भगिनींनो, हे शब्द मला झोपू देत नाहीत. आपण हळदीकुंकू करतो, भिशी चालवतो, सहली काढतो. तसेच आणखी एक काम करू या. अशी वेळ आली तर दोघींनी त्या बाईसोबत चौकीवर जावे. कोण, कधी, काय म्हणाले ते वहीत तारखेनिशी लिहून ठेवावे. कोर्टाच्या मित्राला पुढे खरी हकीकतच तर हवी असते, आणि ती लिहायला सातवी पुरे.