पिंजऱ्यासमोरची पाटी

(मंडळीच्या तरुण संघाच्या सभेत केलेले भाषण)



आपल्या तरुण संघानं कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात एक दिवस सेवा केली, तिचा वृत्तांत द्या, असं पाळकसाहेबांनी मला सांगितलं. वृत्तांत देतेच. पण त्या दिवशी एका मुलीनं मला एक गोष्ट ऐकवली. ती तुमच्यापुढे ठेवल्याशिवाय मला खाली बसता येणार नाही.

आम्ही 24 जण होतो. निम्मे आपल्या मंडळीतले, निम्मे वसतिगृहातले. वसतिगृहातली मुलं आंबेगाव-जुन्नरच्या डोंगराकडची, महादेव कोळी आणि ठाकर घरांतली. त्यांची नावं मी मुद्दाम सांगत नाही. का, ते पुढे कळेल.

ज्येष्ठांना पेशवे उद्यानातले जुने पिंजरे आठवत असतील. तिथले प्राणी पुढे कात्रजला नेले. तिथं 1986 साली नीलिमकुमार खैरे यांच्या प्रयत्नांतून सर्पोद्यान सुरू झालं आणि 1999 साली महापालिकेचं राजीव गांधी प्राणिसंग्रहालय उभं राहिलं. आमचं काम साधं होतं. वाटेवरचा कचरा उचलायचा आणि कठड्याजवळ दोघादोघांनी उभं राहून लोकांना विनंती करायची, की ओरडू नका, खायला टाकू नका. वन्यजीव संरक्षण कायद्यात प्राणिसंग्रहालयातल्या प्राण्यांना चिडवायला, खायला घालायला, आवाज करून त्रास द्यायला स्पष्ट मनाई आहे. पण कायदा कोणाला माहीत असतो?

बिबट्या सावलीत झोपला होता. समोर शिट्ट्या चालल्या होत्या. एक गृहस्थ म्हणाले, “तिकीट काढून आलोय आणि हा नुसता लोळतोय!” आपला एक मुलगा पुढे झाला. “काका, हे रात्री फिरणारं जनावर आहे. दिवसा झोपणारच ते.” गृहस्थ हसले आणि पुन्हा शिट्टी वाजवली.

मुलगा माझ्याजवळ येऊन म्हणाला, “ताई, आमच्याकडं बिबट्याचं नाव काढलं तरी आजी आवाज खाली करते.” त्याच्या घरची शेळी बिबट्यानं नेलेली आहे. तरी वाघबारशीला त्याची आजी वाघोबापुढं खिरीचा निवेद ठेवते. त्या श्रद्धेबद्दल आपलं मत काहीही असो. आपलं नुकसान करणाऱ्या जिवाचाही मान राखावा, एवढं त्या आजीला कळतं. तिकीट काढून आलेल्यांना ते कळत नव्हतं.

सर्पोद्यानात तर नवलच झालं. आपल्या वसतिगृहातली एक मुलगी दोन वर्षं तरुण संघात कधी तोंड उघडत नव्हती. ती पाटी न वाचता एकेक साप ओळखू लागली. घोणस अजगरासारखी दिसते, म्हणून माणसं फसतात. मण्यार रात्री अंथरुणापर्यंत येते, म्हणून जमिनीवर झोपणाऱ्यांना तिचा धोका जास्त. साप चावला तर मांत्रिकाकडे नाही, थेट सरकारी दवाखान्यात जायचं. आपल्या मंडळीतली मुलं तिच्याभोवती गोळा होऊन ऐकत होती. मला फार आनंद झाला, आणि मी लगेच मोबाइल काढला. फोटो घ्यायला.

ती गप्प झाली.

दुपारी डबे खाताना ती माझ्याशेजारी येऊन बसली. म्हणाली, “ताई, रागावू नका. पिंजऱ्यासमोर पाटी असते ना, नाव काय, राहतो कुठं, खातो काय. वसतिगृहात पाहुणे येतात तेव्हा तुम्ही आमच्यापुढं उभ्या राहून तसंच सांगता.”

मला घास गिळवेना. मागच्या हिवाळ्यात आपण ब्लँकेटं वाटली. तो फोटो याच वार्तापत्रात छापून आला. पुढच्या रांगेत ही मुलगी होती. तिच्याकडे धड झगा होता. “फोटोपुरता जुना घाल, गरज दिसायला हवी,” असं तिला सांगणारी मीच होते. अर्पण वाढावं म्हणून केलं, हे खरं. पण तिच्याकडून मी काय घेतलं, याचा हिशेब मी कधी मांडला नव्हता.

1906 साली न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स प्राणिसंग्रहालयात काँगोच्या ओटा बेंगा नावाच्या तरुणाला माकडांच्या इमारतीत लोकांना दाखवायला ठेवलं होतं. झुंबड उडाली. त्याविरुद्ध उभे राहिले ते कृष्णवर्णीय बाप्टिस्ट पाळक. त्यांच्यामुळे तो प्रकार थांबला आणि त्यांच्यातल्या जेम्स गॉर्डन यांनी त्याला आपल्या अनाथाश्रमात नेलं. पण तो मायदेशी कधीच परतू शकला नाही. 1916 साली त्यानं स्वतःचा जीव घेतला. शिकत असताना ही हकीकत वाचून मला त्या गर्दीचा संताप आला होता. कात्रजला कळलं, की गर्दीत मीही उभी असू शकते, हातात ब्लँकेट घेऊन.

यरीहोच्या वाटेवरचा बार्तीमय आठवा. लोक त्याला गप्प करत होते. प्रभूला त्याची गरज डोळ्यांनी दिसत होती. तरी प्रभूनं त्याला जवळ बोलावून आधी विचारलं, तुला काय हवं आहे? आपण देतो पुष्कळ, विचारतो कमी.

परत आल्यावर मी त्या मुलीची क्षमा मागितली. मग सगळ्या मुलांबरोबर बसून आम्ही काही गोष्टी ठरवल्या. देणगी घेतानाचा मुलांचा फोटो यापुढे काढायचा नाही. नाव छापायचं की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. पाहुण्यांनी यावं, जरूर यावं, पण आल्यावर मुलांबरोबर भाजी निवडावी, बागेला पाणी घालावं, पंगतीत जेवावं. या अंकात तुम्हाला मुलांचे फोटो दिसणार नाहीत, त्याचं कारण हे आहे.

कदाचित अर्पण कमी येईल. समितीत ही शंका निघाली आणि ती खोटी नाही. जूनमध्ये वह्या-पुस्तकांचा खर्च समोर उभा राहतो. म्हणून तुम्हाला हात जोडून विनंती करते, फोटो नसला तरी तुमचा हात आखडू देऊ नका.

आणि ती मुलगी? पुढच्या महिन्यात तरुण संघात ती सापांविषयी बोलणार आहे. विषय तिनंच निवडलाय. तुम्ही सगळे या. मोबाइल खिशात ठेवा, आणि ऐका.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो. आमेन.