कळलावीचा कंद लावताना

भर पावसाळ्यात मुरबाडकडून सिद्धगडाच्या वाटेला लागलं, की झुडपांवर चढलेली कळलावी दिसते. गौरीच्या पूजेतलं हे फूल. पाकळ्या आधी हिरवट-पिवळ्या, मग केशरी, शेवटी लालभडक. पानाचं टोकच वळून आधाराला विळखा घालतं, म्हणून वेलीला बारीक काटक्या द्या. कंद मेअखेरीस, निचऱ्याच्या मातीत, दोन इंच खोल आडवा लावा. टोकाचा कोंब फार नाजूक, तो जपा. वेल वाळली की पाणी बंद! कंद जमिनीत झोपू द्या. सगळी वेल विषारी, त्यात कंद सर्वाधिक. हातमोजे घाला, मुलं-गुरं लांब ठेवा. आणि सिद्धगड भीमाशंकर अभयारण्यात येतो. तिथला कंद उपटू नका, रोपवाटिकेतूनच आणा.