तंबाखू आणि आपला शेजार

आज मी उपदेश करण्यास नव्हे, तर एक कबुली देण्यास आपल्यापुढें बसलों आहें.

शिक्षकाच्या पेशांत असतांना मला तंबाखूची संवय होती. मधल्या सुटींत एका चुणचुणीत मुलास मी पुडी आणावयास पिटाळीत असें. गेल्या दिवाळींत तो भेटावयास आला. वय अवघें चोवीस. परंतु फराळाचा लाडू खावयास त्याचें तोंड पुरतें उघडेना. चिमटीवरून तो माव्यावर गेला होता. सुपारी सतत चघळल्यानें तोंडाच्या आंतली कातडी ताठरते आणि पुढें कर्करोगाचें भय वाढतें. "गुरुजी, तुमची पुडी आणतां आणतांच पहिली चिमूट चाखली," असें तो हंसत म्हणाला. तें हंसणें मला अद्याप सलतें.

कायदे नाहींत असें नाहीं. २००३ च्या कायद्यानें शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आंत तंबाखूची विक्री निषिद्ध आहे. महाराष्ट्रानें २०१२ सालीं गुटख्यावर बंदी घातली. परंतु कायदा दुकानाच्या दारापर्यंत जातो. मित्रांच्या कट्ट्यावर त्याचा पाय पोंचत नाहीं. व्यसन बहुधा मंडळींत जडतें. म्हणून त्यांतून सुटकाही मंडळींच्या साह्यानेंच झाली पाहिजे.

गडचिरोली जिल्ह्यांत सुपारी, तंबाखू व चुना घोटून केलेला 'खर्रा' घरोघर शिरला आहे. तेथें डॉ. अभय बंग यांच्या पुढाकारानें २०१६ सालीं 'मुक्तिपथ' हा उपक्रम सुरू झाला. गांवकरी एकत्र बसून विक्रीबंदी ठरवितात, आणि व्यसनी माणसास दोष न देतां उपचाराची सोय दाखविली जाते.

शहरांत ग्रामसभा नसली, तरी चाळ आहे, सोसायटी आहे, गणेशोत्सवाचें मंडळ आहे. मंडपांत तंबाखू नको, एवढा ठराव तरुणांनीं स्वतःच करावा. सोडूं पाहणाऱ्यास एक सोबती द्यावा. कारण आरंभीं चिडचिड होते, झोंप उडते, आणि तेव्हां टोमण्यापेक्षां सोबत उपयोगी पडते. १८००-११-२३५६ या सरकारी दूरध्वनीवर विनामूल्य सल्लाही मिळतो. आणि वडीलधाऱ्यांनीं मुलास पुडी आणावयास कधींही धाडूं नये.

त्या दिवाळींत आम्हीं दोघांनीं एकाच दिवशीं तंबाखू सोडली. रोज सायंकाळीं तो मला विचारतो, मी त्याला विचारतों. त्याचें तोंड कितपत उघडेल, हें डॉक्टर सांगतील. शिष्याला खोटें उत्तर देणें मात्र आतां मला शक्य नाहीं.