वहीवरचा हात



अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेवरून आपण रोज शाळेत जायचो. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यामुळे कुलाब्याच्या नोंदी बिघडणार, म्हणून १९०४ साली ती इथे आली.

१ जुलै १९५७ ते ३१ डिसेंबर १९५८ या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षात ६७ देशांनी भूचुंबकत्व, हवामान, समुद्र, हिमनद्या आणि सूर्य यांचा एकाच वेळी अभ्यास केला. शीतयुद्ध ऐन भरात होते. तरी नोंदी अमेरिका आणि रशिया, दोन्हीकडे जमा करायच्या असे ठरले. एका गावातली सुई हलली तर फारसे कळत नाही. जगभरच्या सुया एकदम हलल्या, की सौर वादळाचा आवाका कळतो. त्यासाठी वेळ आणि माप सगळ्यांचे सारखे हवे, आणि वही दाखवायची तयारी हवी.

परीक्षेत आपण वहीवर हात धरून लिहायचो. इथे तो काढावा लागतो.

आपल्यात डॉक्टर आहेत, शेतकरी आहेत, मास्तर आहेत. गावोगावच्या विहिरींची पातळी आणि खारेपणा ठरल्या दिवशी, एकाच पद्धतीने मोजू या आणि एका वहीत लिहू या. पुढच्या मेळाव्याला ती वही इथे उघडू.