दिसलं तेवढंच लिही
(माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



आठवीत आपण ओल्या कापसावर चवळी उगवायला ठेवली होती, आठवतं? रोज मधल्या सुट्टीत धावत जाऊन बघायचो. 30 डिसेंबर 2024 ला श्रीहरिकोट्याहून निघालेल्या पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्यावर इस्रोने चवळीच्याच आठ बिया पाठवल्या होत्या. चार दिवसांत त्यांना मोड आले. तिथे डोकावून बघायला कुणी नव्हतं, होता तो कॅमेरा.

त्या प्रयोगात माझा हात नव्हता. पण अशा प्रयोगांच्या कॅमेऱ्यांचं सॉफ्टवेअर लिहिणं हे माझं काम. लोक विचारतात, "फोनमध्येसुद्धा उत्तम कॅमेरा असतो, मग यात अवघड काय?" फोन अडकला तर आपण बंद करून चालू करतो. तिथे ते करायला कोण जाणार? म्हणून प्रोग्रॅम अडकला की त्याला आपोआप पुन्हा सुरू करणारं वेगळं घड्याळ ठेवावं लागतं. अंतराळातला एखादा कण आदळून मेमरीतल्या शून्याचा एक होऊ शकतो. म्हणून प्रत्येक चित्रासोबत क्रमांक, वेळ आणि पडताळणीचा आकडा जातो.

वेळ का महत्त्वाची? मंगळावरचं 'इंजेन्युइटी' हेलिकॉप्टर खाली बघणाऱ्या कॅमेऱ्याच्या चित्रांवरून आपला वेग ओळखायचं. सेकंदाला 30 चित्रं. 22 मे 2021 च्या सहाव्या उड्डाणात 54 व्या सेकंदाच्या सुमारास एक चित्र गळलं. एकच! पण त्यामुळे पुढच्या प्रत्येक चित्रावर चुकीची वेळ पडली. हजेरीत एक नाव गळावं आणि पुढच्या प्रत्येकीची 'हजर' शेजारणीच्या नावापुढे लागावी, तसं. हेलिकॉप्टर हेलकावे खाऊ लागलं. तरी ते ठरल्या जागेपासून सुमारे पाच मीटरच्या आत सुखरूप उतरलं. कारण गडबड सोसण्याइतकी ढील आधीच ठेवलेली होती आणि उतरण्याच्या शेवटच्या टप्प्यात कॅमेऱ्याची चित्रं वापरायचीच नाहीत, असं ठरलेलं होतं. कॅमेरा कधीतरी चुकणार, हे बनवणाऱ्यांनी धरलं होतं.

मी मात्र एकदा ते लपवलं होतं. गोठणाऱ्या थेंबाच्या एका प्रयोगाची जमिनीवर चाचणी चालू होती. अधूनमधून एखादी फ्रेम गळायची. व्हिडिओला झटके बसू नयेत म्हणून मी त्या जागी आधीचीच फ्रेम पुन्हा घातली. चित्र छान दिसू लागलं, सगळे खूश. मोजमाप करणाऱ्या सहकाऱ्याला मात्र थेंब मध्येच गोठायचा थांबलेला दिसे. दोन आठवडे तो त्यामागचं विज्ञान शोधत बसला. कारण मी होते. ते सगळ्यांसमोर सांगताना पाय लटपटले.

तेव्हा मला आपली चवळी आठवली. माझी एक बी कुजली होती आणि वहीत मी तिलाही सुबक मोड काढला होता. बाईंनी वही परत दिली. म्हणाल्या, "दिसलं तेवढंच लिही."

आता माझा कॅमेरा गळलेल्या फ्रेमची जागा रिकामी ठेवतो आणि तिचा क्रमांक कळवतो. बाई, तीस वर्षांनी का होईना, वही दुरुस्त केली आहे.