माहिती आपली, संशोधन कोणाचे?



एम.एस्सी. वनस्पतीशास्त्राला स्पेशलायझेशन निवडायची वेळ आली की आमच्या विभागात आपल्या मुलांना ठरलेला सल्ला मिळायचा: ‘तुम्हाला रानातलं कळतं, टॅक्सॉनॉमी घ्या.’ ऐकायला कौतुक वाटायचे. पण रान तुडवून नमुने आणणारे आपण आणि मॉलिक्युलर बायॉलॉजीच्या प्रयोगशाळेत बसणारे दुसरे, ही वाटणी मार्कांवर होत नव्हती. टॅक्सॉनॉमी हलका विषय नाही. वनस्पती ओळखण्यातच चूक झाली तर पुढचे सगळे संशोधन वाया जाते. माझा आक्षेप एवढाच, की निवड आपली असावी.

जानकी अम्माल यांनी ती स्वतः केली. १८९७ साली केरळात तलश्शेरीला, मागास गणल्या गेलेल्या तिय्या समाजात त्या जन्मल्या. १९३१ मध्ये मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. विषय पेशी-आनुवंशिकी, म्हणजे गुणसूत्रांचा अभ्यास. कोईमतूरला त्यांनी उसाच्या संकरांवर काम केले. जात आणि बाईपण दोन्ही आड आले, तरी १९४५ मध्ये डार्लिंग्टन यांच्यासोबत त्यांनी लागवडीच्या वनस्पतींचा गुणसूत्र-कोश प्रसिद्ध केला. आदिवासींच्या वनस्पतीज्ञानाकडे त्या नंतर वळल्या.

आता दुसरी बाजू बघा. १९८७ मध्ये केरळच्याच अगस्त्य डोंगरात काणी आदिवासी वाटाड्यांनी शास्त्रज्ञांना आरोग्यपच्चा ही थकवा घालवणारी वनस्पती दाखवली. तिच्यापासून ‘जीवनी’ हे औषध झाले. परवाना शुल्क आणि रॉयल्टीतला निम्मा वाटा काणींना द्यायचे ठरले. देशात हे चांगले उदाहरण मानतात, आणि ते आहेच. पण त्यातही काणी वाटेकरी झाले, शास्त्रज्ञ नाही. एथ्नोबॉटनीच्या पेपरात आपली माणसे ‘इन्फॉर्मंट’ असतात. लेखकांच्या यादीत किती असतात?

म्हणून आधी आपला प्रश्न ठरवा. पिकावरचा रोग छळत असेल तर प्लांट पॅथॉलॉजी. झाड दुष्काळ कसे सोसते हे शोधायचे असेल तर फिजिऑलॉजी. नवे वाण काढायचे असेल आणि शेतीची पदवी असेल तर कृषी विद्यापीठात प्लांट ब्रीडिंग. नेटची लाइफ सायन्सेसची तयारी एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षापासून करा. जेआरएफ हातात असली की गाइडसमोर ताठ बसता येते. अनुसूचित जातींसाठी राष्ट्रीय फेलोशिपही आहे, तिची माहिती काढा.

आणि गाइड ठरवण्याआधी त्यांचे पेपर काढून वाचा. विद्यार्थ्याचे नाव पहिले येते का, तेवढे तपासा.

जय भीम.